चार तळहातांएवढा आधार

व्यापारी घराची एक सवय फार जुनी आहे. माल दारात आला की तो आधी नजरेखालून जातो. पोत्यात हात घालून धान्याचा ओलावा ओळखावा, कापडाची घडी उलगडून वीण पाहावी, डब्याच्या तळाशी छापलेली मुदत वाचावी, काट्याची खात्री करून घ्यावी आणि मगच वहीत नोंद करावी. हे संस्कार पेढीवर बसणाऱ्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवत नाही. वडिलांकडे आणि काकांकडे पाहूनच ते अंगी बाणतात. परंतु हीच चोखंदळ दृष्टी दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी येताच मंदावते. गाडीचा रंग, आसनांची आवरणे, थंड हवेची सोय या सर्वांची चौकशी होते. ज्यांच्यावर ती गाडी उभी आहे त्या चार टायरांकडे मात्र एखादा पंक्चर होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही.

वस्तुतः धावत्या गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ टायरांमार्फत. प्रत्येक टायर जेवढ्या भागाने जमिनीला टेकतो तो भाग साधारण एका तळहाताएवढा असतो. आई-वडील, सून-मुलगा, नातवंडे आणि डिकीतले सामान, असा सारा भार चार तळहातांएवढ्या रबरावर तोललेला असतो. इंजिन कितीही शक्तिमान असो, ब्रेक कितीही उत्तम असो, त्यांचे सामर्थ्य रस्त्यापर्यंत पोहोचवण्याचे काम या चार तळहातांचेच. ब्रेक चाकाला थांबवतो; गाडीला थांबवतो तो टायर. एवढे एक वाक्य ध्यानात राहिले तरी पुढील विवेचनाचे निम्मे काम झाले असे समजावे.

आपले रस्ते, आपले प्रवास

परळी वैजनाथ हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले गाव. वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग, औष्णिक विद्युत केंद्र आणि रेल्वेचे जंक्शन ही त्याची सर्वपरिचित ओळख. तथापि येथील व्यापारी कुटुंबांचा बराचसा प्रवास रस्त्यानेच होतो. आडतीच्या कामासाठी लातूर, खरेदीसाठी पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर, उपचारांसाठी अंबाजोगाई, शिक्षणासाठी बाहेरगावी राहिलेली मुले, जालना-परभणी-सोलापूरकडचे सासर-माहेर. शिवाय कुंथलगिरी, कचनेर, जिंतूर येथील क्षेत्रांचे दर्शन. वर्षाचा हिशेब मांडला तर एका कुटुंबाचे कितीतरी दिवस चाकांवर जातात.

या रस्त्यांचा स्वभावही ओळखून घ्यायला हवा. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता जागोजागी खचतो आणि त्याच्या कडा तुटतात. विद्युत केंद्रातील राख वाहून नेणारे टिपर, गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, धारूरच्या घाटासारखी अरुंद वळणे आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांपलीकडे जाणारे ऊन. यांतील प्रत्येक गोष्टीची नोंद टायरवर होत असते. खड्ड्याची धार त्याच्या बाजूच्या भिंतीला लागते, खडीचा कण त्याच्या खाचेत रुततो, ऊन त्याचे रबर कडक करते. ही नोंद वाचणारा मात्र कोणी नसतो.

लोखंडी धावेपासून हवेच्या गादीपर्यंत

बीड जिल्ह्याला चाकाचे महत्त्व सांगायला नको. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथून लक्षावधी ऊसतोड कामगार संसार बरोबर घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. त्यांच्या परतण्यावर येथील बाजारपेठेची उलाढाल बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यांतील अनेक जण कारखान्याकडून मिळालेल्या टायरच्या बैलगाडीतून ऊस वाहतात. हीच बैलगाडी पूर्वी लाकडी चाकांची होती. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांना सांधणारे पुठ्ठे आणि त्या सर्वांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. तापलेली धाव पाण्याने थंड होताच आकसे आणि सारे चाक आवळून धरी. धाव सैल झाली की चाक खुळखुळू लागे आणि जाणता गाडीवान त्या आवाजावरूनच गाडी लोहाराकडे नेई. आजची मोटार आतून इतकी निःशब्द झाली आहे की चाकाची तक्रार मालकाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही.

चाकावर हवेची गादी चढवण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच मांडली आणि तिचे एकस्वही मिळवले. पण तिचा प्रसार तेव्हा झाला नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी ती नव्याने सिद्ध केली. त्यांचा पहिला प्रयोग होता मुलाच्या तीनचाकी सायकलीवर. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखवली. भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे निघाला. आपल्या मराठवाड्यातही, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक क्षेत्रात, मोटारींचे आणि शेतीच्या यंत्रांचे टायर तयार होत आले आहेत. म्हणजे ही वस्तू आता कोठून दूरवरून येणारी राहिलेली नाही. तिची ओळख करून घेण्याचाच काय तो आळस आहे.

आपण सर्रास वापरतो त्या ‘स्टेपनी’ या शब्दाची जन्मकथाही मनोरंजक आहे. पूर्वीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास असे जादा चाक तयार करून विकायला आरंभ केला. रस्त्याचे नाव चाकाला चिकटले, आणि एका दुकानाचा पत्ता आपल्या मराठीत कायमचा मुक्कामाला आला.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ हा घातक समज

मराठवाड्यात एक समज घट्ट रुजला आहे. उन्हाने टायरमधली हवा फुगते आणि टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा थोडी कमीच भरावी, असे अनेक अनुभवी मंडळीही सांगतात. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. प्रत्यक्षात ते नेमके उलट आहे, आणि या समजामुळे जीवाला धोका संभवतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

उष्णतेने हवेचा दाब वाढतो हे खरे. प्रवासी मोटारीच्या टायरमध्ये तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. समजा, सकाळी टायर थंड असताना तेहतीस पीएसआय हवा भरली आणि दुपारच्या प्रवासात आतील हवा तीस अंशांनी तापली, तर दाब साधारण अडतीसपर्यंत जाईल. या वाढीने सुस्थितीतला टायर फुटत नाही. टायर तयार करणारे ही वाढ गृहीत धरूनच तो बांधतात. टायरच्या बाजूवर त्याच्या कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो आणि तो मोटारीच्या बहुतेक टायरांवर चव्वेचाळीस किंवा एकावन्न असा असतो.

आता हवा कमी असलेल्या टायरचे काय होते ते पाहू. १८५/६५ आर १५ या मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे एक मीटर पंचाण्णव सेंटिमीटर अंतर कापतो. म्हणजे एका किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे, आणि परळीहून निघून तीनशे किलोमीटर गेलो तर दीड लाखाहून अधिक. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाताना हे चाक एका सेकंदात सुमारे चौदा वेळा फिरते. प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकताना दबतो आणि सुटताच पूर्ववत होतो. हवा पुरेशी असेल तर हे दबणे अल्प असते. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत दर वेळी अधिक वाकते. तार सतत मागेपुढे वाकवली की ती जशी तापते, तसे हे रबर आतून तापत जाते. रबर उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. शेवटी आतील दोऱ्यांचे आणि पोलादी तारांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि भर वेगात टायर चिरफाळतो. लोक म्हणतात, उन्हाने हवा जास्त होऊन टायर फुटला. पुष्कळदा तो फुटलेला असतो हवा कमी असल्यामुळे; ऊन, वेग आणि वजन त्या उणिवेला साथ देतात.

यातून दोन नियम निघतात. पहिला, हवेचा दाब गाडीच्या कंपनीने सांगितलेला असावा. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस बहुधा तशी पट्टी चिकटवलेली असते. नसेल तर पुस्तिकेत असते. गाडी भरलेली असताना काही टायरांना, विशेषतः मागच्यांना, जास्त हवा लागते आणि तोही आकडा तेथेच दिलेला असतो. दुसरा नियम, हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालल्यावर तपासावी. वाटेत तापलेल्या टायरची वाढलेली हवा कधीही सोडू नये. वरील उदाहरणात अडतीसवर गेलेला दाब सोडून तेहतीसवर आणला, तर रात्री टायर थंड झाल्यावर तो जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस उरेल, आणि दुसऱ्या दिवशीचा परतीचा प्रवास त्या अपुऱ्या हवेवर होईल.

नायट्रोजनविषयीही विचारणा होते. साध्या हवेतच सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन भरल्याने दाब किंचित अधिक काळ टिकतो आणि ओलावा टळतो, हा फायदा आहे; परंतु दाब मोजण्याच्या कर्तव्यातून त्याने सुटका होत नाही. साधी हवा महिन्यातून दोनदा तपासलेली बरी. नायट्रोजन भरून सहा महिने विसरून जाणे धोक्याचे.

समृद्धी महामार्गाने शिकवलेला धडा

जिल्ह्यातील जुन्या रस्त्यांवर वेगाला खड्डेच आवर घालत. समृद्धी महामार्गाने ते बंधन काढून टाकले. ११ डिसेंबर २०२२ रोजी या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. परळीकडची मंडळी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथून या मार्गाला लागतात. मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा, सरळ सिमेंटचा रस्ता आणि मध्ये थांबण्याचे प्रसंग थोडे. गावातल्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाने निभावून गेलेला झिजका टायर येथे सलग तास-दोन तास पूर्ण वेगाने धावतो. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. गावातला दोष तेथे अपघात होतो.

मार्ग सुरू झाल्यानंतरच्या काही महिन्यांतच अपघातांच्या कारणांमध्ये टायर फुटण्याचा उल्लेख वारंवार होऊ लागला. २०२३ मध्ये परिवहन विभागाने मार्गाच्या प्रवेशस्थानांवर टायरांची तपासणी सुरू केली आणि झिजलेले टायर असलेली वाहने परत पाठवली. अर्थात प्रत्येक दुर्घटनेचे खापर टायरवर फोडणेही योग्य नव्हे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे प्रारंभी सांगितले गेले. परंतु परिवहन कार्यालयाच्या अहवालात त्यास पुष्टी मिळाली नाही. चालकाची झोप, वेग आणि टायर या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

आपल्या घरांतील एका गोष्टीचा येथे उल्लेख केला पाहिजे. चौविहार पाळणारी ज्येष्ठ मंडळी गाडीत असली की सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचण्याची घाई असते, आणि ती घाई शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये वेगाच्या रूपाने प्रकट होते. दिवसभर तापलेले टायर, थकलेला चालक आणि वाढलेला वेग हे तिन्ही नेमके त्याच वेळी एकत्र येतात. यावर उपाय वेगाचा नाही, पहाटे तासभर आधी निघण्याचा आहे. त्याचप्रमाणे विहारात असलेले साधू-साध्वीजी पहाटेच्या अंधुक प्रकाशात याच रस्त्यांच्या कडेने पायी चालत असतात. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर पुढे जाते. गाडी वेळेवर थांबेल की नाही, हे टायरमध्ये उरलेल्या पकडीवर ठरते; म्हणून टायरची काळजी ही केवळ गाडीत बसलेल्यांपुरती उरत नाही.

टायरवर छापलेली मुदत आणि माप

धान्याच्या पोत्यावरची खूण ओळखणाऱ्या डोळ्यांना टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचणे मुळीच कठीण नाही. १८५/६५ आर १५ ८८ एच हे उदाहरण घेऊ. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या पासष्ट टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांमध्ये. पुढील ८८ हा भाराचा अंक. त्याचा अर्थ हा टायर योग्य दाबाने भरलेला असता ५६० किलोपर्यंत वजन पेलू शकतो. शेवटचे ‘एच’ अक्षर वेगाची मर्यादा सांगते. टायर बदलताना ‘बसतो ना, मग चालेल’ असे म्हणून कमी भारांकाचा टायर घेणे म्हणजे शंभर किलोच्या काट्यावर दीडशे किलोचे पोते ठेवणे होय.

याहून महत्त्वाची नोंद म्हणजे उत्पादनाची तारीख. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार अंक असतात. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हे अंक पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतात, म्हणून बाहेरून दिसले नाहीत तर आतील बाजू पाहावी. औषधाच्या पट्टीवरची मुदत न पाहता आपण गोळी घेत नाही; दुकानातून नवा टायर घेताना मात्र ही तारीख क्वचितच कोणी विचारतो.

व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष लागू पडतो. घरची गाडी रोज फार फिरत नाही. ती दुकानासमोर किंवा वाड्याबाहेर उन्हात उभी असते आणि सणावाराला, लग्नकार्याला एकदम लांबच्या प्रवासाला निघते. परिणामी टायरवरच्या खाचा खोल दिसतात, गाडी ‘कमी चाललेली’ असते आणि मालक निश्चिंत असतो. पण रबर चालण्याने झिजते तसेच वयाने जून होते. ऊन आणि हवा यांनी त्याची लवचिकता कमी होत जाते, बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत आणि दिसायला चांगला असला तरी दहा वर्षांपुढे टायर ठेवू नये, असे अनेक उत्पादक सांगतात. मराठवाड्याच्या उन्हात दहा वर्षे वाट पाहण्याचे धाडस न केलेलेच बरे. वर्षानुवर्षे डिकीत पडून असलेल्या स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे.

खाचांची खोली हा कायद्याचाही विषय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. दुचाकी व तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. हे मोजण्यासाठी उपकरणाची गरज नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. खाचा कशासाठी, तर पावसाचे पाणी बाजूला सारण्यासाठी. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगतो, आणि त्या क्षणी स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून मर्यादेपर्यंत न थांबता पावसाळ्यापूर्वीच टायर बदललेले हिताचे.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे कोठे बसवावेत? बहुतेक जण पुढे बसवतात. टायर उत्पादकांचा सल्ला मात्र नवे टायर मागे बसवण्याचा आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरत नाही.

रिम, नट आणि अलाइनमेंट

टायर ज्यावर बसतो त्या रिमचाही विचार व्हावा. पोलादी रिम मोठ्या खड्ड्यात वाकतो. मिश्रधातूचा, म्हणजे अलॉयचा रिम दिसायला देखणा आणि बहुधा वजनाला हलका, पण मोठ्या आघाताने त्याला तडा जाऊ शकतो. ठोकून किंवा वेल्डिंग करून वापरलेल्या अलॉय रिमवर दूरचा प्रवास करू नये. शोभेसाठी मोठे रिम आणि पातळ टायर बसवण्याची तरुणांना हौस असते. पातळ टायरच्या भिंतीत धक्का सोसणारी हवेची गादी थोडीच उरते. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ती हौस महागात पडते.

गाडी जोरात खड्ड्यात आदळली, तर त्याच दिवशी टायरच्या दोन्ही भिंतींवरून हात फिरवून पाहावा. कोठे फुगा आलेला असेल तर आतील दोऱ्या तुटल्या आहेत असे समजावे. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावे. चाक बदलल्यानंतर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासावेत. पंक्चर रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल तर नीट काढता येते. बाजूच्या भिंतीवरचे पंक्चर काढून दूर जाऊ नये.

जमा-खर्चाच्या वहीत टायर कोठे?

आता खर्चाकडे वळू, कारण तो विचार टाळून व्यापारी घरात कोणताही उपदेश टिकत नाही. टायर हा खर्च डोळ्यांत भरतो, कारण तो एकदम येतो. परंतु चार टायरांची किंमत त्यांच्या पाच वर्षांच्या आयुष्यावर विभागली तर महिन्याचा आकडा घरच्या दुधाच्या बिलापुढे लहान ठरतो. कमी हवेमुळे इंधन अधिक जळते आणि टायरच्या कडा लवकर झिजतात, तो तोटा मात्र कोणत्याही वहीत दिसत नाही. विम्याविषयीही गैरसमज आहे. सर्वसाधारण मोटार विम्यात केवळ टायरचे नुकसान झाले तर भरपाई मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या किमतीच्या पन्नास टक्क्यांपर्यंतच मिळते. टायरसाठी वेगळे जोडकलम घेतले असेल तर गोष्ट निराळी.

घरच्या गाडीबरोबर पेढीच्या टेम्पोचाही विचार व्हायला हवा. तो आपण स्वतः चालवत नाही, दुसऱ्याच्या घरचा कर्ता मुलगा चालवतो. ‘शेठजी, मागचे टायर गुळगुळीत झालेत,’ असे तो सांगतो, आणि ‘सीझन होऊ दे, दिवाळीनंतर पाहू,’ असे उत्तर मिळते. तो पुढे काही बोलत नाही, कारण त्याला नोकरी टिकवायची असते. तेलाचे डबे किंवा सिमेंटची पोती एका फेरीत बसवून डिझेल वाचवले जाते. पण भारांकापेक्षा अधिक वजन म्हणजे टायरच्या दृष्टीने कमी हवाच. रस्त्यावर जे घडेल ते प्रथम त्या चालकाला आणि समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला भोगावे लागते. ज्याच्या हाती खर्चाचा निर्णय आहे, जबाबदारीही त्याचीच. चालकाने टायरविषयी केलेली सूचना त्याच आठवड्यात निकाली निघावी, असा नियम प्रत्येक पेढीने करावा.

प्रवासापूर्वीची दहा मिनिटे

दूरच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी घरातील एका तरुणाकडे, मुलगा असो वा मुलगी, हे काम सोपवावे. चारही टायर आणि स्टेपनी यांचा दाब स्वतःच्या मोजमापाने तपासावा. हातात मावणारे दाबमापक यंत्र फार महाग नसते. खाचांतील खडे काढावेत, उंचवटे पाहावेत, भिंतींवरून हात फिरवावा. व्हॉल्व्हवर टोपी आहे का ते पाहावे. जॅक आणि पाना जागेवर आहेत आणि ते वापरता येतात याची खात्री करावी. जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीनुसार दाब दर्शवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. आपल्या नव्या गाडीत ती आहे की नाही हे प्रवासाआधीच माहीत असावे, आडरानात कळू नये.

आणि एवढे करूनही टायर फुटलाच तर? ब्रेक दाबण्याची पहिली ऊर्मी आवरावी. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मग डाव्या कडेला येऊन धोक्याचे दिवे लावावेत. गाडीतील सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. मागच्या आसनावरील मंडळींनीही पट्टा लावलेला असावा, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या पेढ्यांवर दर दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते आणि जुन्या वहीचा मेळ घातला जातो. त्याच दिवशी वहीच्या एका पानावर घरातील व पेढीतील प्रत्येक गाडीच्या पाचही टायरांची जन्मतारीख आणि खाचेची खोली लिहून ठेवावी, आणि मार्चअखेर, लग्नसराईच्या तोंडावर, ते पान पुन्हा उघडावे. घरातील मुलांनाच हे पान भरू द्यावे. माल पारखण्याची नजर त्यांना वडीलधाऱ्यांकडून आपोआप मिळते. चाक पारखण्याची नजरही तशीच मिळाली, तर पुढच्या पिढीचा प्रवास आपल्यापेक्षा सुखरूप होईल.